'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

28 जानेवारी 2026 च्या सकाळी बारामतीच्या छोट्या विमानतळावर उतरू पाहणारे लिअरजेट 45 जातीचे विमान धावपट्टीच्या तोंडाशी कोसळले आणि पेटले. महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातले पाचही जण मृत्युमुखी पडले. जिल्हा परिषद निवडणुकीच्या प्रचारसभांसाठी ते मुंबईहून निघाले होते. प्रवास जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा होता. राज्य हादरले आणि ते स्वाभाविकच होते. राजकीय मतभेद मरणाच्या दारात न्यायचे नसतात, ही आमची रीत आहे. गेलेल्या पाचही जणांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

परंतु शोक करून थांबणे हे चळवळीच्या वृत्तपत्राचे काम नव्हे. त्या दिवसापासून 'काळाचा घाला', 'नियतीचा क्रूर खेळ', 'वेळ आली होती' हे शब्द आपण इतक्या वेळा वाचले आणि ऐकले, की विमान नियतीनेच पाडले असावे असे वाटू लागावे. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारणावाचून काही घडत नाही आणि कारण नाहीसे केले की परिणामही टळतो. ज्या समाजाला हजारो वर्षे 'हे तुझ्या नशिबात लिहिले आहे' असे सांगून गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाने तरी नशीब हा शब्द सहज स्वीकारू नये. नियतीला आरोपी केले की खरा आरोपी सुटतो. कधी तो माणूस असतो, बहुतेक वेळा ती व्यवस्था असते.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. पाच जण गेले, पण मथळ्यात एकच नाव राहिले. उरलेल्या चौघांत दोन वैमानिक होते, एक विमानसेविका होती आणि एक सुरक्षा कर्मचारी होता. हे चौघे ड्युटीवर होते. ते पोटासाठी आणि कर्तव्यासाठी त्या विमानात बसले होते. मोठा माणूस गेला म्हणून चौकशी व्हावी हे ठीकच. पण ती या चौघांसाठीही तितकीच व्हावी. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितले होते, की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचे मूल्य समान मानणार आणि सामाजिक जीवनात ते नाकारत राहणार. ही विसंगती मरणातसुद्धा संपत नाही, हे बारामतीने पुन्हा दाखवले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. छोट्या विमानतळावर विमान उतरते कसे, हे आपल्या वाचकाने समजून घेतले पाहिजे. मुंबई, पुणे किंवा आपल्या चिकलठाण्यासारख्या ठिकाणी नियंत्रण कक्ष असतो, तिथे प्रशिक्षित आणि परवानाधारक नियंत्रक बसलेले असतात. हवामान मोजणारी यंत्रणा असते. मोठ्या विमानतळांवर आयएलएस नावाची यंत्रणा असते. ती धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरण्याचा कोन रेडिओ लहरींनी कॉकपिटमध्ये दाखवते, म्हणून धुक्यातही ठरावीक उंचीपर्यंत विमान खाली येऊ शकते. बारामतीत आयएलएस नव्हते. तिथे डोळ्यांना धावपट्टी दिसली तरच उतरायचे. अशा उड्डाणासाठी साधारणपणे 5 किलोमीटरची दृश्यमानता नियमाला अपेक्षित असते. अपघातानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जे निवेदन दिले, त्यात बारामतीची त्या वेळची दृश्यमानता सुमारे 3 हजार मीटर सांगितली होती.

त्याच निवेदनात पुढचा क्रमही आहे. पहिल्या खेपेला वैमानिकांना धावपट्टी दिसली नाही. त्यांनी उतरण्याचा प्रयत्न सोडला आणि विमान पुन्हा वर नेले. याला 'गो-अराउंड' म्हणतात. धावपट्टी दिसत नसेल, वेग जास्त असेल, उंची चुकली असेल तर खाली रेटायचे नाही, वर जायचे आणि पुन्हा यायचे किंवा दुसरीकडे जायचे. त्यात कमीपणा नाही, उलट हेच वैमानिकाचे शहाणपण. विमान दुसऱ्यांदा आले. आधी धावपट्टी दिसत नसल्याचे कळवले, काही सेकंदांनी दिसत असल्याचे कळवले. उतरण्याची परवानगी दिली गेली, पण ती मिळाल्याचे उलट उत्तर आले नाही. नंतर दिसल्या त्या ज्वाळा. त्या शेवटच्या क्षणांत काय घडले हे सांगण्याचे काम तपास यंत्रणेचे, म्हणजे एएआयबीचे आहे. आम्ही त्यावर अंदाजांचे इमले रचणार नाही.

पण एक बाब तपासाशिवायही स्पष्ट आहे, कारण ती सरकारनेच सांगितली. बारामती हे 'अनियंत्रित' विमानतळ होते. तिथे सरकारी हवाई नियंत्रक नव्हता. तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिक येणाऱ्या विमानांना वारा, दृश्यमानता आणि इतर विमानांची माहिती देत. ही माणसे आपले काम करत होती, त्यांना आम्ही दोष देत नाही. प्रश्न अधिकाराचा आहे. 'आज दृश्यमानता कमी आहे, विमानतळ बंद आहे, पुण्याला जा,' असे राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांच्या विमानाला ठणकावून सांगेल असा, कायद्याचे पाठबळ असलेला माणूस जमिनीवर कोणी होता काय? माहिती देणारा होता, पण नाही म्हणणारा नव्हता. आमच्या मते छोट्या विमानतळांचे खरे दुखणे हेच आहे.

अशी दुखणी जमा कशी झाली तेही पाहा. 2009 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारामती, नांदेड, लातूर, उस्मानाबाद आणि यवतमाळ ही पाच विमानतळे एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. 'मागास भागाचा विकास' हे शब्द तेव्हाही होते. पुढे विकास रखडला आणि ती परत घेण्याची वेळ सरकारवर आली. वाळूजच्या माळावर 1980 च्या दशकात कारखाने वसवले तेही याच महामंडळाने. जमीन शेतकऱ्याची, घाम कामगाराचा आणि फलक महामंडळाचा, हे वाळूजकरांना नव्याने सांगायला नको. धावपट्टी डांबरी झाली, फीत कापली, फोटो छापून आले की विकास झाला असे इथे समजले जाते. तिथे हवामान मोजायला माणूस आहे का, अग्निशमनाची गाडी आहे का, थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न फीत कापणाऱ्याला कोणी विचारत नाही.

बारामतीचा इशाराही आधी मिळाला नव्हता असे नाही. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यात बारामतीच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान शेतात कोसळले, शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली. 19 आणि 22 ऑक्टोबर 2023 रोजी, म्हणजे चार दिवसांत, बारामती परिसरात दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. त्याआधी 14 सप्टेंबर 2023 रोजी मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात उतरताना एक लिअरजेट 45 धावपट्टीवरून घसरून मोडले. विमानातले आठही जण वाचले. ते विमानही बारामतीला पडलेल्या विमानाच्याच कंपनीचे होते. प्रत्येक वेळी नोटिसा निघतात, तपासणी होते, काही दिवस उड्डाणे थांबतात आणि मग सारे शांत होते.

मदतीचीही तीच गत आहे. जुलै 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, वर्डी शिवारात, सातपुड्याच्या डोंगरात शिरपूरच्या संस्थेचे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. तिथे रुग्णवाहिका पोहोचू शकत नव्हती. आधी पोहोचले ते आदिवासी गावकरी. एका वयस्क भिल्ल महिलेने आपल्या अंगावरची साडी सोडून दिली. तिची झोळी करून त्या मुलीला डोंगराखाली आणले गेले. त्या माउलीला आमचा जयभीम. पण कोट्यवधींच्या विमानाची आपत्कालीन व्यवस्था एका गरीब आदिवासी बाईच्या साडीवर उभी असावी, याची लाज कोणाला वाटली?

आता 'नाही' या शब्दाकडे येऊ. जगाने विमान अपघातांच्या तपासातून एक मोठा धडा घेतला आहे, आणि तो आपल्या समाजाला लख्ख समजावा असा आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 माणसे मेली. एका विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका बोलून दाखवली होती, की समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे ना? ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली. 22 मे 2010 रोजी मंगळुरूला 158 माणसे गेली. तिथे सहवैमानिकाने तीनदा 'गो-अराउंड' म्हटल्याचे चौकशीत निघाले, पण कॅप्टनने विमान खालीच नेले. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोझिकोडला 21 जण गेले. तिथल्या अहवालाने कॉकपिटमधल्या अधिकाराच्या तीव्र उतरणीवर आणि त्यामुळे सहवैमानिकाने नियंत्रण हाती न घेतल्यावर नेमके बोट ठेवले.

अधिकाराची उतरण! आपल्या भाषेत याला उतरंड म्हणतात. एकावर एक रचलेली मडकी. वरच्याचा भार खालच्याने सोसायचा आणि खालच्याचा आवाज वर जायचा नाही. जातिव्यवस्था म्हणजे दुसरे काय आहे? खालच्याने वरच्याला 'तुमचे चुकते आहे' म्हणायचे नाही, हा संस्कार इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरवला गेला. विमानविद्या परदेशातून आली, विमानेही आली, पण ती चालवणारी, त्यांत बसणारी आणि त्यांची वाट पाहणारी माणसे इथल्याच संस्कारात वाढलेली आहेत. म्हणूनच जगभर आता वैमानिकांना शिकवावे लागते, की कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे आणि ज्येष्ठाने ऐकायचे. समतेचे तत्त्व तिथे नीतीचा उपदेश म्हणून शिकवले जात नाही, जीव वाचवणारे तंत्र म्हणून शिकवले जाते. बाबासाहेबांचा विचार अखेर विज्ञानाच्याही कामी येतो, तो असा.

बारामतीच्या त्या विमानात कोणी कोणाला घाई केली, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्याकडे नाही आणि मृतांवर आरोप करण्याची आमची पद्धत नाही. आम्ही बोलतो आहोत ते या देशातल्या व्हीआयपी संस्कृतीबद्दल. साहेबांच्या दिवसभरात चार सभा लावायच्या, मंडप भरून ठेवायचे, साहेब वेळेवर आलेच पाहिजेत. 30 सप्टेंबर 2001 रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. खराब हवामानात मैनपुरीजवळ त्यांचे छोटे विमान पडले आणि आठ माणसे गेली. त्यांत पत्रकारही होते. 25 मे 2017 रोजी निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर तारांत अडकून वस्तीलगत कोसळले, सुदैवाने सर्व वाचले. यातून कोणत्या पक्षाने सभांचे वेळापत्रक सैल केले? कायद्याने विमानाचा अंतिम निर्णय कॅप्टनचा असतो, मग मागे मंत्री बसलेला असो की मालक. पण भाड्याच्या विमानाच्या छोट्या कंपनीत नोकरी करणारा वैमानिक बड्या गिऱ्हाइकाला 'आज जमणार नाही' म्हणाला, तर उद्या त्याची नोकरी राहील याची हमी कोण देतो? कागदावर अधिकार आहे, पण पोटाला हमी नाही. हा अनुभव वाळूजच्या कंत्राटी कामगाराला नवा नाही.

हा प्रश्न केवळ विमानात बसणाऱ्यांचा, म्हणजे श्रीमंतांचा आहे असे कोणी समजू नये. 28 जून 2018 रोजी मुंबईत घाटकोपरला जुहूहून चाचणीसाठी उडालेले छोटे विमान बांधकामावर पडले. विमानातले चौघे गेले आणि रस्त्याने पायी चाललेला एक माणूसही गेला. त्याने आयुष्यात विमानाचे तिकीट काढले होते काय? आणि आपल्या शहरात तर याहून मोठा दाखला आहे. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 धावपट्टीपलीकडे बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांवर आदळले आणि कोसळले. विमानातल्या 118 पैकी 55 जण मेले. चौकशीत वैमानिकांची चूक तर निघालीच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हेही निघाले. विमान सुटताना ट्रकला 'थांब' म्हणणारा माणूस तिथे नव्हता. 1993 च्या बीड रस्त्यावर जो नव्हता, तो 2026 च्या बारामतीतही नव्हता. मधल्या 33 वर्षांत आपण काय शिकलो?

आणि वाळूजला विसरून कसे चालेल? 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. रात्री कारखान्यातच झोपलेले सहा कामगार त्यात जळून आणि गुदमरून मेले. त्यांत पोटासाठी परराज्यातून आलेले होते. कारखाना ही झोपायची जागा नव्हे, असे मालकाला कोण सांगणार होते? ज्याला रांजणगाव किंवा जोगेश्वरीत खोलीचे भाडे परवडत नाही तो? विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय दंडक असा आहे, की 30 दिवसांत प्राथमिक अहवाल द्यावा, शक्यतो वर्षभरात अंतिम अहवाल जाहीर करावा आणि तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा. कारखान्यातल्या मरणाचा असा अहवाल कामगार वस्तीत कोणी कधी वाचला आहे? विमानात मेलेल्याचा अहवाल जगासाठी निघतो आणि कारखान्यात मेलेल्याचा पंचनामा फायलीत बंद होतो.

आमच्या चळवळीचा इतिहास म्हणजे 'नाही' म्हणण्याचा इतिहास आहे. महार वतनात गावाचा सांगावा आला की ऊन, पाऊस, आजारपण न पाहता धावत जावे लागे, नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले ते याचसाठी. 1938 मध्ये कामगारांच्या संपाला गुन्हा ठरवू पाहणारे विधेयक आले तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून ते विधिमंडळात उभे राहिले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, हा त्यांचा युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबर 1938 ला मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले. माणसाला काम नाकारता येत नसेल तर तो गुलाम आहे, मग त्याच्या अंगावर घोंगडी असो की वैमानिकाचा गणवेश. भोपाळनंतर 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यातल्या कामगाराला धोक्याचा इशारा देण्याचा हक्क मिळाला. 2020 च्या संहितेतही धोका कळवण्याची तरतूद आहे. पण कळवणे वेगळे आणि थांबवणे वेगळे. शिवाय त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर नेली. कारखाना लहान म्हणून कायदा दूर, विमानतळ लहान म्हणून नियंत्रक दूर. लहान जागी मरणारा माणूस मात्र लहान नसतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या विमानतळावर भाड्याची किंवा मंत्र्यांची विमाने उतरतात, तिथे त्या वेळेपुरता तरी प्रशिक्षित नियंत्रक, हवामानाची अधिकृत मोजणी आणि अग्निशमन दल असलेच पाहिजे. दृश्यमानता नियमापेक्षा कमी असेल तर विमानतळ बंद करण्याचा अधिकार त्या नियंत्रकाला हवा आणि तो मंत्र्यालाही लागू हवा. उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला नोकरीचे कायदेशीर संरक्षण द्यावे. प्रत्येक अपघाताचा अहवाल मराठीतही जाहीर करावा. गाव ज्यांचे आणि शेत ज्यांचे, त्यांना कारण कळलेच पाहिजे. आणि हाच न्याय औद्योगिक वसाहतींना लावावा. कामगाराच्या मृत्यूचा कारणांसह अहवाल ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध करावा आणि जीव धोक्यात असेल तर काम थांबवण्याचा हक्क त्याला द्यावा.

बारामतीला आता स्मारके होतील, योजनांना नावे दिली जातील. त्याला आमचा विरोध नाही. पण बाबासाहेबांनी त्याच 25 नोव्हेंबरच्या भाषणात बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. नेत्यावर खरे प्रेम असेल तर त्याच्या पायाशी लोळण घेणारे शंभर जण कामाचे नाहीत. 'साहेब, आज जाऊ नका' असे तोंडावर सांगणारा एक हवा, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती करणारा कायदा हवा. नियम माणसापेक्षा मोठा असला तरच माणूस वाचतो, मग तो मंत्री असो, वैमानिक असो की वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळीला उभा असलेला कामगार.